विमानाच्या दाराचं रबर

दुसरी मोठी लढाई संपल्यावर सरकारने जुनी लहान विमानं विकायला काढली, त्यातलं एक माझ्या मामांनी घेतलं. सांगलीबाहेरच्या माळावर पत्र्याची शेड बांधून ते ठेवलं होतं. चार माणसांपुरतं विमान, दोन्ही बाजूंना एकेक दार. मी त्या वर्षी पाचगणीची शाळा संपवून आले होते. वडील साताऱ्याला नोकरीत होते, पण पुढच्या शिक्षणाचं काही ठरेपर्यंत मला मामांकडे ठेवलं होतं. शाळेत सगळं इंग्रजीत चालायचं, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलताना मी मनात वाक्य आधी जुळवून घेत असे. जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. माझं गप्प राहणं घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

विमानाची देखभाल करायला एक मिस्त्री होते. गाव कवठे महांकाळकडचं. लढाईत विमानांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले. इंग्रजी अक्षरं आणि सुट्या भागांचे नंबर त्यांना वाचता येत, वाक्यं येत नसत. म्हणून मामांनी मला काम दिलं होतं : विमानाबरोबर आलेलं पुस्तक वाचायचं आणि मिस्त्रींना मराठीत सांगायचं.

त्या चैत्रात उजव्या दाराचं रबर गेलं. दाराच्या कडेने सगळीकडून एक रबरी पट्टी असते, दार मिटलं की ती दबते आणि वारा अडवते. ती इतकी कडक झाली होती की नखाने तिचे तुकडे पडत. फटीतून वारा यायचा आणि वाऱ्याबरोबर इंजिनाचा धूर. त्या बाजूला मामी बसायच्या. मुंबईहून परत आल्या तेव्हा डोकं धरून दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. मामा मिस्त्रींना शांतपणे म्हणाले की नवं रबर लावूनही हिचं डोकं दुखलं, तर ते मुंबईहून माणूस आणतील, कायमचा.

नंतर जुनं रबर खरवडताना मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोटारीचं काम कुटंबी मिळंल, ताईसाब. इमान ह्या मुलखात येकच हाय."

नवी पट्टी मुंबईहून पार्सलने आली. एकाच दारापुरती होती. मिस्त्रींनी पेट्रोलच्या चिंधीने कडा पुसली, रबर चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि ते चिकट होईपर्यंत थांबले. इथपर्यंत मी वाचून सांगितलेलं सगळं त्यांनी तसंच केलं. मग पट्टी लावायला लागले. एक टोक दाबायचं, दुसऱ्या हाताने ओढायचं, दाबायचं, परत ओढायचं. माळाचा राखणदार मेंढरं सोडून बघायला आला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, इमान बांधताय का बाज इणताय?"

"बाजंचं सुंब ताणलं न्हाई तर म्हयन्यात झोळी व्हती," मिस्त्री म्हणाले. "दोर आसू दे न्हाईतर रबर, ढिलं ठिवायचं न्हाई."

मी पान उलटलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की पट्टी लावताना ताणू नये. ती ओळ मी दोनदा वाचली, तिच्यावर बोट ठेवलं आणि मिस्त्री थांबायची वाट बघत राहिले. राखणदार उभा होता, मामांच्या मोटारीचा ड्रायव्हर उभा होता. एवढ्या पुरुषांसमोर वडिलांच्या वयाच्या माणसाचा चालता हात थांबवायचा म्हणजे मोठ्याने बोलायला हवं होतं. ते थांबले तेव्हा पट्टी पुरी लागली होती आणि वीतभर तुकडा उरला होता. उरला याचाच त्यांना फार आनंद झाला. कापून त्यांनी तो मला दिला. माझ्या खोलीची खिडकी वाऱ्याने खडखडते हे मी कधीतरी त्यांच्याजवळ बोलले होते. मी पुस्तक मिटलं. संध्याकाळी तो तुकडा खिडकीच्या फटीत बसवला. छान बसला.

दोन दिवस कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा मामींना घेऊन एक फेरी मारणार होते. मी आणि मिस्त्री आधी पोचलो. दारात कागदाची पट्टी धरून दार मिटायचं आणि कागद ओढून बघायचा, अशी पारख असते. वरच्या कोपऱ्यात कागद सहज निघून आला. रबराने कोपरा सोडला होता. खाली जोडापाशी तर चार बोटं आत जातील एवढी फट होती.

मिस्त्री उकिडवे बसले. "रबरच खोटं धाडलंय," म्हणाले.

"रबर चांगलं आहे," मी म्हटलं. "ताणायचं नव्हतं, ताणलं की नंतर आखडतं. पुस्तकात लिहिलंय."

"कवा वाचलं तुमी?"

"तुम्ही लावत होता तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि ते जास्त जड गेलं. "मग त्वांड उघडायचं न्हाई व्हय, ताईसाब?"

तेवढ्यात मोटार आली. मिस्त्रींनी पुढे होऊन सांगितलं की जोड सुटलाय, आज उडता यायचं नाही. पुस्तकाचं नाव काढलं नाही, माझंही नाही. मामांनी वाकून फट पाहिली, रुमालाने बोटं पुसली आणि माणसासाठी आजच मुंबईला पत्र टाकतो म्हणाले.

या वेळी मी वाक्य जुळवलं नाही. "चूक माझी आहे, मामा. ताणू नका असं पुस्तकात होतं, मी वाचलं आणि यांना सांगितलं नाही. कापलेला तुकडा माझ्याकडे आहे."

मामींनी मोटारीतून मान बाहेर काढली. त्यांनी माझं एवढं लांब बोलणं कधी ऐकलं नव्हतं. मामांनी मिस्त्रींना विचारलं, किती वेळ लागेल.

"उद्या सकाळपतुर."

"उद्या येतो," मामा म्हणाले, आणि पत्राचं काही बोलले नाहीत.

मी ड्रायव्हरबरोबर घरी जाऊन तुकडा काढून आणला. मिस्त्रींनी सगळी पट्टी सोडवली आणि राखणदाराच्या बाजेवर सावलीत नुसती पसरून ठेवली. दुपारपर्यंत ती आपल्या मूळ लांबीवर आली. मग मी एकेक ओळ वाचली आणि त्यांनी न ओढता, नुसती दाबत ती लावली. शेवटी वीतभर जागा उरली. तुकडा तिथे बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी मामी साताऱ्यापर्यंत जाऊन आल्या. उतरल्यावर कानाला दडे बसल्याची तक्रार केली. डोक्याचं काही बोलल्या नाहीत, आणि दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या.

त्यानंतर मी तिथे वर्षभर होते. कुठलंही काम निघालं की मिस्त्री आधी मला पान पुरं वाचायला लावत. वाचून होईपर्यंत दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहत. "झालं?" विचारत. मी झालं म्हटल्यावरच हात पुढे येत.

माझी खिडकी पुन्हा खडखडायला लागली. तिच्यात मी वर्तमानपत्राची घडी घालत असे.