हिरव्या शाईतल्या तिघी

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावच्या घरी भरतासाठी वांगी भाजत होते. "नाना गेले," त्यांची सून म्हणाली. वांगी पार करपली. नाना असते तर आधी वांग्यांसाठीच हळहळले असते... याला आता पाच आठवडे झाले.

नाना मला धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. जामनेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा आयुष्यभर खानदेशातल्या चर्चचा इतिहास शोधत हिंडला. का, असं विचारलं की म्हणायचे, "देवळांचा सांगणारे पुष्कळ आहेत, यांचा कोण सांगणार?" एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रविवारी चर्चमधला शेवटचा बाक, यात त्यांना कधीच अडचण वाटली नाही. भाऊबंद म्हणायचे, नाना बाटले. पाद्री विचारायचे, आमच्यात कधी येताय? नाना दोघांनाही हसून घरची केळी पाठवायचे.

इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर त्यांचं पुस्तक आलं. पहिली प्रत घेऊन आम्ही साक्रीकडच्या एका खेड्यातल्या छोट्या चर्चमध्ये गेलो. तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या अक्कांना नानांनी त्यांच्या चर्चबद्दलचं पान कौतुकानं वाचून दाखवलं. हे चर्च मिशनच्या साहेबांनी बांधलं, असं त्यात होतं. अक्का ताडकन म्हणाल्या, "साहेब तं घोडावर बशी ऱ्हाये. इटा बठ्ठ्या आमन्या मायस्नी वाह्यात. तुना पुस्तकमा त्यासनं नाव कोठे शे?"

नानांचा चेहरा उतरला. विटा सगळ्या वाहिल्या या लोकांच्या आयांनी, आणि पुस्तकात त्यांचं नावच नव्हतं. मिशनची सगळी जुनी दप्तरं त्यांनी वाचली होती, पण ती लिहिली होती साहेबांनीच! नाना तिथेच जमिनीवर बसले, अक्कांकडून नावं विचारून घेतली. सखू, रूपी, ठगी. खिशातलं हिरवं पेन काढून 'साहेबांनी' खोडलं आणि समासात तिघींची नावं लिहिली. अक्कांनी खूश होऊन त्यांची ओंजळ बोरांनी भरली.

दुसऱ्या कुणी पुढच्या आवृत्तीवर भागवलं असतं. नानांनी मात्र जिथे जिथे प्रत गेली तिथे तिथे एसटीनं जाऊन ते पान दुरुस्त करायचा ध्यास घेतला. "एकही चुकीची प्रत मागे ठेवून मी मरणार नाही," म्हणायचे. मीच तेवढी अडून बसले. माझ्या प्रतीवर त्यांची सही होती, मला ती कोरी करकरीत हवी होती. यावरून आम्ही वर्षभर भांडलो. दिवाळीनंतर ते शेवटचे घरी आले तेव्हा मात्र त्यांनी विषयच काढला नाही. दोनदा चहा मागितला आणि जाताना उगाच हसत होते.

नाना गेल्यावर दोन आठवड्यांनी ते पुस्तक उघडलं... हिरवी शाई! सखू, रूपी, ठगी. खाली बारीक अक्षरात, 'तू चहा टाकायला गेलीस तेवढ्यात उरकलं. आता अमळनेरच्या वाचनालयातली एकच प्रत राहिली. गुडघे ऐकत नाहीत. बघ जमलं तर.' मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि मग रडलेही.

त्याच शनिवारी तसलंच हिरवं पेन घेऊन अमळनेरची एसटी धरली. मी पुस्तकात लिहितेय हे बघून ग्रंथपाल धावत आले. त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसून लिहा ताई. नावं नीट दिसली पाहिजेत."

माझी प्रत आता टेबलावरच असते, पेन त्या पानात घातलेलं. चहा टाकायला उठले की अजून वाटतं, मी परत येईपर्यंत नाना काहीतरी खोडून ठेवतील.