विहिरीच्या पाण्याची तडजोड

असोद्याच्या रस्त्याला माझ्या मामांची, म्हणजे गावाच्या नानांची, केळीची बाग होती आणि तिच्या वरच्या अंगाला एका पुढाऱ्यांचा रंगाचा कारखाना. कारखान्याचे सांडपाणी नाल्यात सुटू लागले, तशी मामांची विहीर खारट झाली आणि केळीची पाने कडेने करपू लागली. मामांनी जळगावच्या कोर्टात दावा लावला. पुढाऱ्यांनी भरसभेत जाहीर केले की हा विरोधकांचा कट आहे आणि सत्य काय ते कोर्टातच सिद्ध होईल.

मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. पुढाऱ्यांचे ते कोर्टाचे वाक्य मी खरे मानले. वर्षभर दर महिन्याला मामांच्या विहिरीचे, नाल्याचे आणि तुलनेसाठी कारखान्याच्याही वरच्या एका विहिरीचे पाणी बाटल्यांत भरून मी एस.टी.ने धुळ्याला नेत होते. त्यातून माझा पहिला स्वतंत्र अहवाल तयार झाला. तो कोर्टात वाचला जावा आणि उलटतपासणीत टिकावा, एवढेच मला हवे होते. साक्षीची तारीखही लागली.

तारखेच्या आधीच्या रविवारी मामांनी भरिताला बोलावले. थंडीत शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून पंगत घालण्याची आमच्याकडे रीतच आहे. मी पोहोचले, तेव्हा पुढारी मामांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. पलीकडे त्यांचे धुळ्याचे वकील. सह्या सकाळीच झाल्या होत्या. सांडपाणी बंद पाइपातून दुसरीकडे जाणार, मामांना नवी बोअर मिळणार आणि मामांनी लिहून दिले होते की आरोप गैरसमजातून झाला.

"गैरसमज कोणाचा?" मी विचारले.

"तुह्या बाटल्यांचा," मामा वांगे सोलत म्हणाले.

"मामा, गुरुवारी माझी साक्ष होती."

"निकालाचं पानी केयीले देता येतं का, बाई? बस, जेव."

मी वकिलांकडे वळले. आरोप खोटा असेल, तर बोअर कशासाठी? त्यांनी वर्गात समजावावे तसे सांगितले, "ताई, खटला चालला की दर तारखेला पेपरात नाव येतं. त्यात निवडणूक जवळ. आणि निकालाचा कागद जन्मभर पाठ सोडत नाही. तडजोडीत कोणी काही कबूल करत नाही."

मामांची बाग वाचणार होती, त्यामुळे मला धड रागावताही येईना. तेवढ्यात पुढारी आपुलकीने म्हणाले, "ताई, तुमचा अहवाल मी दोनदा वाचला. वरच्या विहिरीचं पाणी तपासलंत, तिथेच आमचे वकील अडले. एक चूक सापडली नाही. आमच्या कारखान्याला असाच केमिस्ट हवाय."

माझा अहवाल दोनदा वाचणारा एकमेव माणूस म्हणजे प्रतिवादी. मी पर्समधून पेन काढून त्यांच्यापुढे धरले.

"एक चूक सापडली नाही, एवढंच लिहून द्या."

त्यांनी पेनाकडे पाहिले, मग स्वतःच्या तेलकट बोटांकडे.

"हात भरलेत ना, ताई," ते म्हणाले आणि जेवणाचे केळीचे पान मामांपुढे सरकवले. "नाना, वाढा थोडं."

मामांनी वाढले.