शेततळ्याचा कागद

बायको गेल्यापासून माझ्या घरात आवाज करणारं एकच उरलंय, फ्रिज. (तोही मधूनमधून रुसतो.)

मुलगा पुण्यात. फोनवर बोलायला विषय पुरत नाहीत, म्हणून एकदा त्याला सांगितलं, की गल्लीतलं पावसाचं पाणी दर वेळी समोरच्या रफिकभाईच्या गॅरेजात शिरतं.

"अप्पा, आपलं अंगण गल्लीहून खाली हाय. तिथं खोलगट वाफा करा. खाली खडी, वर वाळू न् माती, त्यात कर्दळ लावा. गल्लीचं पाणी आत घ्या, तिथंच जिरंल."

"केलं तर बघायला येशील?"

"बघू की."

एवढ्या शब्दावर मी खड्डा खणला! पण पाणी जिरवायचं? आमची हयात टँकरमागं घागर घेऊन पळण्यात गेलेली. हाती आलेलं पाणी जमिनीला देऊन टाकायचं, हे मनाला पटेना. मेहुण्याकडं शेततळ्याचा, पाणी झिरपू नये म्हणून तळाला अंथरतात तो, उरलेला प्लास्टिकचा कागद होता. तो त्याच्या गावाहून, कड्याहून, एसटीनं आणला आणि खडीखाली नीट अंथरला. मग कुंपणाच्या भिंतीला भोक पाडून गल्लीच्या पाण्याला आमंत्रण दिलं.

पाणी आलं. सगळ्या गल्लीचं आलं! वाफा भरला, अंगण भरलं, मग पाणी उंबरा ओलांडून बैठकीत आलं, मागोमाग कर्दळही आली.

रफिकभाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभा.

"अप्पा, आज माझं गॅरेज कोरडं कावून हाय, ते बघाय आलतो."

त्यानं वाफ्यात हात घातला आणि कागदाचं टोक वर ओढलं. "ह्यो कुणी टाकला?"

"मीच. पाणी वाया जाईल म्हणून."

"आता न्हाई जात. सोफ्यावर चढलंय."

मग सगळी गल्ली बादल्या, परातींसह आत आली. कुणी पाणी उपसलं, कुणी गाद्या उचलल्या, रफिकभाईच्या घरून खिचडीचं पातेलं आलं. खाटेवर बसून सगळे मला हसत होते. फ्रिज बंद पडल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. घर इतकं भरलेलं बघून मला लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईनं कागद काढला. तेव्हापासून कितीही पाऊस पडो, पाणी वाफ्यात गुपचूप जिरतं. गॅरेज कोरडं, गल्ली कोरडी. माझ्याकडं यायचं कुणाला काही कारणच उरलं नाही. मुलाला फोटो पाठवला.

"झकास, अप्पा! आता यायची गरजच न्हाई."

कागद मात्र मी धुऊन, घडी घालून माळ्यावर ठेवलाय. आभाळ भरून आलं, की स्टूल घेऊन माळ्याखाली जातो. अजून वर चढलेलो नाही. स्टूल धरायला कुणीतरी लागतं ना!