परातीवरचे दोन टोले

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. चौथी शिकलोय, सत्तरी गाठली, पण डोकं ठिकाणावर हाय. तरी लिहितोय, कारण मुलगा दत्ता म्हनला, बाबा, एकदाचं लिहून टाका.

शेवगावच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं हॉटेल हाय, मटन-भाकरीचं. मागं चुलीवर माझी बायको सुमन भाकरी थापायची. तिची थप-थप बाहेर टेबलापर्यंत यायची, तेवढंच आमच्यातलं गाणं. गिऱ्हाईक त्या ठेक्यावर निवांत जेवायचं, एक भाकरी जास्तच खायचं. सगळ्यांचं उरकलं की ती उलथनं परातीच्या कडंवर दोनदा हानायची. टण, टण... म्हंजे माझं ताट वाढलंय, या.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ते टोले वाजले. मी गिऱ्हाईकाशी गप्पा मारत हुतो. वरडलो, "थांब जरा." अर्ध्या तासानं गेलो तर ती चुलीपुढं आडवी. डॉक्टर म्हनला, जरा आधी आनली असती तर... टोले जेवायचे हुते का मदतीचे, मला आजपर्यंत कळलं न्हाई.

मग दत्तानं स्पीकर लावला. गाणी धडाधड वाजायची, मानसं बी धडाधड गिळून उठायची. मी म्हनलं, तुझं गिऱ्हाईक जेवत न्हाई, पळतंय. पण खरं सांगतो, मला तो गोंगाट बरा वाटायचा. मागची शांतता ऐकू यायची न्हाई.

दिवाळीनंतर एका बुधवारी भर दुपारी लाईट गेली. स्पीकर बंद. सहा टेबलं भरलेली. आन मागनं... थप, थप.

मला वाटलं कांताबाई असंल, आता भाकऱ्या तीच करती. तेवढ्यात बघतो तर लोकांचे हात सावकाश झाले. मोबाईल खाली ठेवले. सगळ्यांचा घास एका ठेक्यावर. आन कांताबाई माझ्या शेजारीच, हातात पान्याचा जग.

"बाबा, मी हितं हाय," ती हळूच म्हनली. "मागं कोन हाय?"

पहिल्यांदाच आलेला एक ड्रायव्हर म्हनला, "मावशीला सांगा, अजून एक टाका."

थप-थप थांबली. कुनी हललं न्हाई. मग... टण. टण.

दत्तानं माझा दंड धरला, "बाबा, जाऊ नका." मी सोडवून घेतला. हातातलं रश्श्याचं भांडं तिथंच ठेवलं. "आलो," म्हनलं.

मागं कुनी नव्हतं. चूल विझलेली, परात कोरडी, उलथनं खिळ्याला. ती गेल्यापासून मी तिथं बसलो नव्हतो. कांताबाईनं सकाळीच करून ठेवलेली टोपल्यातली भाकरी घेतली आन चुलीपुढं मांडी घालून खाल्ली.

लाईट आली तरी दत्तानं स्पीकर लावला न्हाई. कोन म्हनतं, पत्रा वाजला असंल. सहा टेबलांनी ऐकलं ते काय हुतं, मला सांगता येत न्हाई. टोले परत वाजले न्हाईत. पण रोज सगळ्यांचं उरकलं की मी मागं जाऊन बसतो. तिनं बोलवायच्या आधीच.