दंतमंजनाने घासलेलं नाणं

गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत जुन्या नाण्यांचं दुकान, मागे पडद्याआड स्वयंपाकघर. कुणी नाणं घेऊन आलं की भिंगवाले ते कडेने धरत, दिव्याखाली तिरकं करत आणि हवेत गेलेल्या गिऱ्हाइकाला जमिनीवर आणत.

"दर्जा तपासायला पाठवू का?" हा गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला. तज्ज्ञ नाणं तपासणार, दर्जाचा आकडा देणार, डबीत सीलबंद करून परत धाडणार. फी मात्र घसघशीत.

"खरं की खोटं असा संशय असेल, किंवा एका आकड्याने किंमत कुठल्या कुठे जात असेल, तर पाठवा. नाहीतर नाण्यापेक्षा डबी महाग. आणि घासलंय का कधी? घासलं असेल तर विषयच संपला, किंमत गेलीच. आकडा मिळत नाही, नुसता शेरा मिळतो: साफ केलेले."

माणूस असा फटकळ. पण त्यांचं स्वतःचं सगळ्यात दुर्मीळ चांदीचं नाणं तीस वर्षं कपाटातच होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने ते हौसेने दंतमंजनाने घासून लख्ख केलं होतं. नाणं कामातून गेलं हे भिंगवाल्यांना दिसलं, पण तिचा खुललेला चेहरा बघून ते म्हणाले, "वा, काय चमकतंय!" तेव्हापासून ती दरवर्षी विचारी, "आपलं कधी पाठवायचं?" आणि हे म्हणत, "अजून भाव चढू दे."

यंदा तिने तपासणीचा फॉर्मच मागवला आणि भरूनही टाकला. शेरा घेऊन नाणं परत आलं की घासून आपण काय करून बसलो ते तिला कळणार. फॉर्म लपवावा म्हणून भिंगवाल्यांनी तो उचलला आणि एका रकान्यावर थबकले. नाणे कधी साफ केले आहे का? पुढे तिच्या ठसठशीत अक्षरात: होय. दंतमंजनाने. मी.

"तुला ठाऊक होतं?"

"मध्ये पडदा आहे, भिंत नाही," ती आतूनच म्हणाली. "गिऱ्हाइकांना रोज सांगता ते मला ऐकू येत नाही होय?"

"मग दरवर्षी विचारायचीस कशाला?"

"एकदाचे रागवाल म्हणून. तीस वर्षं वाट बघतेय."

भिंगवाल्यांनी फॉर्म टेबलावर आपटला. मग त्यांचा आवाज चढलाच. "अगं, वाटोळं केलंस माझ्या नाण्याचं!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"हं," ती म्हणाली. "आता बरं वाटलं."