जोतीरामनं हाक दान केली

आटपाडीच्या पल्याड, जिथं बाभळसुद्धा इचार करून उगवती, तिथं जोतीराम ऱ्हातो. वय इचारलं तर म्हनतो, "बहात्तरच्या दुष्काळात म्या सरकारनं वाटल्याल्या सुकडीसाठी दोनदा रांगंत उभा ऱ्हायलोय, आता धरा हिसाब." त्येच्याजवळ शंभरावर मेंढरं हायत, येक घोंगडं हाय, रंगुबाई नावाची बायकू हाय आन येक शब्द हाय. ह्यातला शब्द लय वाईट. दिला म्हंजी दिला.

भाचीच्या लग्नात त्येनं देवाच्या साक्षीनं भंडारा लावून येक मेंढी दिली हुती. तिसऱ्या दिशी मेंढी चालत परत आली. दुसरा कुनी आसता तर म्हनला आसता, आली तर आली. जोतीराम तिला पोचवून आला. ती परत आली. असं चार येळा झालं. शेवटी ती कळपातच ऱ्हायली, आठ वर्सं, पर पावनी म्हनून. तिची लोकर भाचीला, तिची कोकरं भाचीला, आन ती मेली तवा सुतकाचा निरोपबी भाचीला. भाची फोनवर रडली म्हनत्यात, पर ती मामाच्या डोक्यासाठी.

तर ह्या जोतीरामची येक हाक हाय. ती पोटातनं निघती, नाकात वळती आन जिभंच्या टोकावर टकटक करून थांबती. त्येच्या बाची हुती, बाच्या बाची हुती. कळपाची म्होरकी मेंढी तांबडी, ती ह्या हाकंबिगर पाय उचलत न्हाई. आन तांबडी हलली न्हाई तर बाकीची शंभर मेंढरं जागची हलत न्हाईत.

गेल्या दिवाळीनंतर सांगलीच्या म्युझियममधनं अश्लेषा मॅडम आल्या. मूळच्या वाईच्या, तरन्या, पायात पांढरे बूट. म्हनल्या, "आजोबा, जे हातात धरता येत नाही ते आम्हाला जपायचंय. गाणी, हाका, रीती. सांगलीला येऊन तुमची हाक द्याल का?"

"द्याल का" म्हनल्यावर जोतीराम दोन दिस त्योच शब्द घोळवत ऱ्हायला. मग नवा पटका बांधला आन यष्टीत बसला.

म्युझियममदी मॅडमनी हाक मशीनवर भरून घेतली, चार मिंटं. तवर सगळं बरं चाललं हुतं. मग नोंद करायला चिंतामण कारकुनाकडं नेलं. चिंतामणकडं येकच छापील फारम, तलवारी-हंडे दान घ्यायचं.

"वस्तू कुठाय?"

"ही काय, घशात."

"लांबी?"

जोतीरामनं इचार केला. "वारं न्हाई तर दोन माळ."

चिंतामणनं लिवलं: लांबी, दोन माळ. "वजन?"

"उपाशीपोटी हलकं आसतंय."

"स्थिती कशी आहे? तडा, गंज वगैरे?"

"कफ हाय थोडा."

लिवलं: किरकोळ कफ. मग चिंतामणनं दोरा ओवलेलं नंबराचं कारड काढलं. नियम हुता, प्रत्येक वस्तूला नंबर बांधायचा. लय येळ त्यानं जोतीरामच्या तोंडाकडं बघितलं, आन शेवटी सदऱ्याच्या वरच्या बटनाला बांधून टाकलं.

खाली लिवल्यालं हुतं, 'सदर वस्तू मी स्वखुशीने दान करीत आहे.' मॅडमनी वाचून दावलं. जोतीरामनं अंगठा उठवला. मग कमरंची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा कागदावर टाकला, मॅडमच्या कपाळाला लावला, चिंतामणच्या बी लावला.

"घ्या," म्हनला. "आता तुमचं."

मॅडमना वाटलं, किती गोड मानूस. त्यास्नी भाचीचं म्हाईत नव्हतं.

दुसऱ्या दिशी सकाळी मेंढरं उभी. तांबडी म्होरं. जोतीरामनं तोंड उघडलं आन मिटलं.

रंगुबाई म्हनली, "आवं, काय झालं? दाढ दुखती का?"

"माजी न्हाई ती आता."

"काय तुमची न्हाई?"

"हाक. म्युझियमला दिली."

रंगुबाईनं त्येच्याकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, वर देवाकडं बघितलं. "मग मलाबी द्यायचं हुतं! बसले आसते काचंत, पंख्याखाली. चारा न्हाई, पानी न्हाई, कटकट न्हाई."

"तू दान द्यायसारखी न्हाईस."

"का वं?"

"परत येशील."

तिनं सोता हाकून बघितलं. चाळीस वर्सं ऐकलेली हाक, सूर बी बरोबर लागला. तांबडीनं मान वळवली, तिला खालपास्नं वरपतुर बघितलं आन रवंथ करायला लागली. शेजारच्या तळावरल्या भाऊसोनं हाकलं तर भाऊसोचीच मेंढरं आली, तीबी दोनदा.

गंमत तितंच संपली. दिवाळी झाल्याली. माळावरलं गवत सरलं हुतं. दर साली ह्या टायमाला जोतीरामचा कळप इस्लामपूरकडं निघतो, तोडल्याल्या उसाच्या रानात मेंढरं बसवतो. तितं पाला मिळतो, पानी मिळतं. समदे तळ उठून गेले, भाऊसोबी गेला. जोतीरामची मेंढरं तितंच, दगडं चाटत. सातव्या दिशी येक कोकरू मेलं. जोतीरामनं ते सोता पुरलं. तवाबी तोंडातनं हाक काढली न्हाई. 

रंगुबाईनं मॅडमना फोन लावला, समदं सांगितलं आन फोन दोघांच्या मधी धरला. मॅडम घाबरल्या. "अहो आजोबा, तुम्ही खुशाल वापरा! ती नोंद फक्त कागदावर आहे."

"कागदावरच तर भंडारा टाकलाय न्हवं," जोतीराम म्हनला.

"मग मी परत करते."

मागनं चिंतामणचा आवाज आला, "मॅडम, नोंद झालेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय बाहेर जात नाही. समिती मार्चमध्ये बसते."

"मारचपतुर कातडी उरत्याल," रंगुबाई वराडली.

जोतीराम फोनपाशी वाकला. "मॅडम, परत दिली तरी म्या घेनार न्हाई. ज्येची हाय त्येनं हाकावं."

"म्हणजे कोणी?"

"तुमी."

तीन यष्ट्या बदलून मॅडम आल्या. हातात स्पीकर. त्यास्नी वाटलं, चार मिंटाची हाक हाय, लावायची. माळावर ठिवला, बटन दाबलं. जोतीरामची हाक दोन माळ घुमली, कफासकट. मेंढरं जवळ आली, स्पीकर हुंगला आन येकीनं त्याच्यावर मुतलं. बस्स. तांबडी जागची हलली न्हाई.

मग मॅडम सोता हाक मारायला लागल्या. पयल्या दिशी त्या हाकंला फक्त पलीकडच्या वस्तीवरलं कुत्रं आलं. जोतीराम धोंड्यावर बसून शिकवायचा, पर तोंडानं आवाज काढायचा न्हाई, त्येचा न्हाई म्हनून. हातानं दावायचा. पोटावर थाप मारायचा, नाक धरायचा, बोटानं टकटक करायचा. लांबनं बघनाऱ्याला वाटावं, म्हातारा मुक्यानं भांडतोय.

दुसऱ्या दिशी मॅडमनी जोतीरामनं दिल्याली काठी फेकली. "सूर बरोबर लागतोय ना? मग ती हलत का नाही?"

"सूर काय, सूर त्या डब्यातबी हाय. तुमी कवाबी हाकताय. तिच्या कानाकडं बघा. तिनं उजवा कान मागं टाकला की तिच्या मनात निघायचं आलं. तवा हाकायचं. आदुगर हाकलं तर ती हट्टाला पेटती. नंतर हाकलं तर तिला वाटतं हा माज्याच मागनं चाललाय, ह्येचं कशाला आयकू. आन हाकताना तिच्याकडं बघायचं न्हाई. रस्त्याकडं बघायचं. म्होरं पानी हाय आसं आपल्यालाबी वाटाय पायजे."

मॅडम वहीत लिवत हुत्या. चुलीपाशी भाकरी थापनाऱ्या रंगुबाईचा हात थांबला. भाकरी तव्यावर करपली, तरी तिनं उलथली न्हाई.

सांजच्याला चिंतामणचा फोन आला. "मॅडम, रजेचं कारण काय लिहू?"

"वस्तूची पाहणी."

"स्थिती?"

"अवघड."

तिसऱ्या दिशी सकाळी तांबडीनं कान मागं टाकला, मॅडम रस्त्याकडं बघून हाकल्या, आन शंभर मेंढरं उठली. मॅडम रडायलाच लागल्या. जोतीराम म्हनला, "रडू नका, आवाज बसतो."

आसा कळप निघाला. म्होरं पांढऱ्या बुटातलं म्युझियम, मधी मेंढरं, मागं जोतीराम खांद्याला मॅडमची पर्स अडकवून, आन शेवटी घोड्यावर संसार लादलेली रंगुबाई. गावागावातली मानसं इचारायची, "कुनाची मेंढरं?" जोतीराम इमानानं सांगायचा, "मेंढरं माजी. हाक सरकारी."

विट्याच्या अलीकडं चौथ्या दिशी मॅडमचा आवाज बसला. बसला म्हंजी पार गेला, नुसती हवा. आन तोबी कुठं? ऐन रस्ता ओलांडताना. निम्मी मेंढरं अलीकडं, निम्मी डांबरावर, तांबडी मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर रवंथ करत हुबी. येका बाजूनं उसाचे दोन ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूनं यष्टी. हारनं वाजायला लागली. कोकरं बुजून चाकांखाली शिराय लागली. मॅडम तोंड उघडत हुत्या, मिटत हुत्या.

ट्रॅक्टरवाला वराडला, "ए म्हाताऱ्या, हाक की तुजी जनावरं!"

जोतीराम हुबा. मान फुगली, डोळ्यात पानी आलं, ओठ आपोआप हालले. त्येनं मुठीनं तोंड दाबून धरलं. येका चाकाला कोकराचं शेपूट लागलं हुतं.

तवा मागनं रंगुबाई आली. घोड्याचा दोर तिनं यष्टीच्या कंडक्टरच्या हातात दिला, इचारलंबी न्हाई. मेंढरांतनं वाट काढत म्होरं गेली. तांबडीकडं येकदा बघितलं. थांबली. हारनं वाजत हुती, लोक शिव्या देत हुते, ती थांबलीच. उजवा कान मागं गेला, तशी तिनं तोंड रस्त्याकडं केलं आन हाकलं.

तांबडी चालली. समदी चालली. मिंटाभरात रस्ता मोकळा.

पल्याडच्या बांधावर जोतीराम खाली बसला. "आगं, तुला कवा आलं हे?"

"चाळीस वर्सं मागं चालतीया. सूर तवाच आला हुता." रंगुबाईनं मॅडमकडं बोट केलं. "कानाचं म्हाईत नव्हतं. चाळीस वर्सात मला येकदा बोलला न्हाईत. ह्या बाईला दोन दिसात सांगितलंत!"

जोतीरामनं पटका काढला, परत बांधला. "तू इचारलं न्हाईस."

"तुमी म्होरं हुता. मागनं इचारलं तर आयकू येतं व्हय?"

तो बांधावरनं उठला आन म्हनला, "आता तू म्होरं जा."

"जानारच हाय. इचारत न्हाई तुमाला."

मॅडमनी गडबडीनं मशीन काढलं आन फाटक्या आवाजात कसंबसं म्हनल्या, "मावशी, तुमची हाकसुद्धा..."

रंगुबाईनं काठी उचलली. "भरा की. पर चालता चालता भरा, म्या थांबनार न्हाई. आन कागद दावलात तर ट्रॅक्टरखाली घालीन."