धवलारीन आणि विटकरी नळी

वाशीचे मेडिकलवाले श्यामसुंदर गद्रे दुकानात फारसे टिकत नसत. १९८४ साली वाशीत गिऱ्हाइकं कमी आणि डास जास्त. म्हणून दुपारी शटर ओढून ते सायकलवरून साखरेच्या पेशंटांच्या घरी निघत. पिशवीत काचेची नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा. औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवायची. निळी राहिली तर साखर ताब्यात, विटकरी झाली तर बोंब. तळवली गावातल्या बायका त्यांना बघून तोंडाला पदर लावत. "आला गं मुतऱ्या डॉक्टर!" निदान डॉक्टर तरी म्हणतात, एवढ्यावर गद्रे खूश.

तळवलीची गोजरा आजी नावाजलेली धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीन गायल्याशिवाय मांडवातलं पान हलत नाही. आता तिच्या सख्ख्या नातीचं, सखूचं लग्न बारा दिवसांवर आलेलं आणि आजीची नळी महिनाभर विटकरी. खऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आठवड्यात साखर उतरली नाही तर सरळ भरती. लग्नबिग्न विसरायचं.

"आजी, लाडू खाल्लात ना?" गद्र्यांनी नळी उजेडात धरली.

"तुजी आन, नाय."

"मग चोरून गूळ?"

"आरं मेल्या, गूल डोल्यांनी बगून म्हैना झाला! सुई टोचून घेतंय, भाकर मोजून खातंय, नि तू मना चोर ठरवतंस?"

आजीनं तोंड फिरवलं. गद्र्यांना ते झोंबलं. म्हातारी शिव्या द्यायची, पण तोंड कधी फिरवत नसे.

"बरं, सुई कशी घेता ते दाखवा."

आजीचा लेक हिरामण पुढे झाला. सिरिंज उकळली, अगदी शिकवल्याबरहुकूम. मग ओटीवरची मासळीची बर्फाची पेटी उघडली, बोंबील बाजूला सारले आणि तळातून इन्शुलिनची बाटली काढून दोन्ही हातांनी चोळायला लागला.

"हे काय चाललंय?"

"इरघलवतंय. रोज दगड व्हते ना."

"बर्फात ठेवता?"

"नुस्त्या नाय, वर मूठभर मीठबी टाकतंय. तुमीच सांगलंत, गार जागी ठेवा. मिठानं बर्फ आनखी कडक!"

हिरामणच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. गद्र्यांनी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. मिठागरात जन्म काढलेल्या माणसाला 'गार' म्हणताना किती गार, हे सांगायला नको? गोठलं की इन्शुलिनचा दम जातो. महिनाभर आजी पाणी टोचून घेत होती.

"आजी, चुकलो. चोर मी."

"कान धर."

गद्र्यांनी धरला. आजीनं दुसराही धरायला लावला.

त्याच संध्याकाळी ते नवी बाटली घेऊन आले. माठाशेजारी ओल्या वाळूत छोटं मडकं पुरलं आणि बाटली त्यात ठेवली. चौथ्या दिवशी नळी पिवळी, सातव्या दिवशी हिरवी. डॉक्टरांनी भरती रद्द केली आणि आजीनं घसा साफ केला.

लग्नाच्या मांडवात आजीचा आवाज पार खाडीपर्यंत गेला. गणपती झाला, गावदेवी झाली, आणि मग मध्येच,

"येशीवं आला सायकलवाला,
मडक्यान ठेवला परान माजा!"

अख्खा मांडव गद्र्यांकडे वळून हसला. ते लाजून पत्रावळीकडे बघत बसले. पंगतीत लाडू आले, तसे आजीनं आपल्या वाटचे दोन्ही त्यांच्या पानात टाकले.

"खा. उद्या तुजी नली मी बगतंय."